आमची वाटचाल : टर्न-बेस्ड गेम आणि फीचरची गर्दी

आमचा स्टुडिओ छोटा, माणसं मोजकीच, बनवतो टर्न-बेस्ड स्ट्रॅटेजी गेम, म्हणजे आळीपाळीने चाल करायचे डावपेचांचे गेम. पहिल्या गेमच्या वेळी कुणाला व्यापार हवा होता, कुणाला हेरगिरी, कुणाला हवामान, आणि गंमत म्हणजे यातली एकही आयडिया टाकाऊ नव्हती, म्हणून तर काढायचं काय हेच कळेना.

मग नवीन लोकांना खेळायला बसवलं आणि आपण मागे गप्प उभं राहायचं, काही सांगायचं नाही. लाकूड आणि दगड असे दोन रिसोर्स होते, पण दोन्ही कायम सोबतच खर्च व्हायचे, यातलं काय वाचवू असा प्रश्न कुणालाच पडत नव्हता. म्हणजे तो निर्णय नव्हताच, नुसती हमाली. दोन्हीचं एकच 'सामान' केलं. तेव्हापासून आमचा नियम असा की ज्या बटणाचं उत्तर दर वेळी तेच येतं ते बटण गेममधून जातं नाहीतर आपोआप चालतं.

'इन्टू द ब्रीच' हा असाच टर्न-बेस्ड गेम बघा, पट फक्त 8×8 चा आणि शत्रू पुढे कुठे मारणार ते आधीच दिसतं, तरी डोकं पार शिणतं. बुद्धिबळात तरी काय, सहाच प्रकारचे मोहरे.

बरं, गेम बनवणारे बहुतेक लोक सगळा जोर ट्युटोरियलवर, म्हणजे खेळ शिकवणाऱ्या सुरुवातीच्या भागावर लावतात, पण माझ्या मते खरी गर्दी शेवटाकडे होते. 'सिव्हिलायझेशन'सारख्या गेममध्ये सुरुवातीला शहर कुठे वसवायचं एवढाच प्रश्न असतो, पुढे शहरं आणि सैन्य वाढत जातं आणि एकेक टर्न संपता संपत नाही. आमच्या गेममध्ये आम्ही जुनी गावं आपोआप चालवणाऱ्या कारभाऱ्याकडे सोपवायची सोय दिली, हवं तर परत हातात घ्या.

जुने खेळाडू चिडले, गेम पोरखेळ केलात म्हणाले. त्यांची एक तक्रार मात्र रास्त होती, आकडे दिसेनासे झाले होते. आता कर्सर धरला की पूर्ण हिशोब उघडतो, नको असेल त्याने बघू नये.

हेरगिरीची मागणी अजून येतेच. पुढच्या अपडेटमध्ये देऊ बहुतेक, पण वेगळी स्क्रीन वगैरे नाही, व्यापाऱ्यांचा तांडा ज्या गावात जाईल तिथलं सैन्य दिसेल, बस.