वाघिणीच्या अंगावरच्या तारखा

घरी आलेला पाहुणा टेबलावरची मॉडेल मालगाडी दोन मिनिटे कौतुकाने पाहतो, इंजिनापाशी थोडा रेंगाळतो आणि मग हमखास विचारतो, "डबे तर सगळे एकाच तांबूस रंगाचे आणि खोक्यासारखे आहेत. यांतला कोणता कुठला, हे तुम्ही ओळखता तरी कसे?" उभ्याउभ्या देता येईल असे याचे उत्तर माझ्यापाशी नाही, म्हणून आजवर मी "सवयीने" एवढेच म्हणून चहा पुढे करीत आलो. आता तुम्हीही विचारलेत, आणि तेही चहा घेऊन झाल्यावर, म्हणून बैजवार लिहितो.

आधी शब्दाचे पाहू. आपल्याकडे मालडब्याला 'वाघीण' म्हणतात. हे 'वॅगन'चेच मराठी रूप, पण भुसावळच्या आमच्या रेल्वे कॉलनीत ते इतके घरचे होते की प्राणिसंग्रहालयात पहिल्यांदा खरी वाघीण पाहिल्यावर मी तिची चाके शोधली, असे घरचे सांगतात. वडील टीएक्सआर, म्हणजे ट्रेन एक्झामिनर, होते. गाडी थांबली की हातोडी घेऊन चाकांवर ठोके देत जायचे, आवाज बद्द आला तर वाकून पाहायचे आणि वाघीण सदोष निघाली तर तिच्या अंगावर खडूने खूण करून तिला सिक लाइनला, म्हणजे दुरुस्तीच्या रुळावर, पाठवायचे, असे त्यांचे काम. वाघिणीवरची अक्षरे ही वाचण्यासाठी असतात, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पुढे नोकरीनिमित्त चार वर्षे पिट्सबर्गला राहिलो आणि हाच नाद तिकडच्या वाफेच्या काळातल्या वाघिणींना जाऊन चिकटला. टेबलावरची गाडी म्हणूनच पेनसिल्व्हेनिया रेलरोडच्या अल्टूना गावाजवळच्या मुख्य मार्गावरची आहे, प्रमाण १ : ८७ आहे, आणि तिचा काळ ऑक्टोबर १९४७ हा आहे. साल सांगताना मी महिनाही सांगतो, याला कारण आहे. ते पुढे येईल.

तिकडे रेल्वे एका मालकाची नव्हती. शेकडो खाजगी कंपन्या होत्या, आणि एका कंपनीच्या स्थानकात भरलेली वाघीण माल न उतरवता दुसरीच्या, तिसरीच्या रुळांवरून थेट मुक्कामी जात असे. परक्या रुळांवर असेल तितक्या दिवसांचे ठरलेले भाडे मालक कंपनीला मिळे. कोळशाच्या उघड्या वाघिणी सहसा आपल्याच मुलखात खाणीपासून गोदीपर्यंत फिरत, पण बंद वाघिणी, ज्यांना तिकडे बॉक्सकार म्हणतात, देशभर भटकत. त्यामुळे एका गाडीत चाळीस बंद वाघिणी असतील तर त्या पंधरा-वीस कंपन्यांच्या असणे हा नित्याचा प्रकार होता. पाहुण्याला जी एकरंगी रांग दिसते, तिच्यात खरे तर मेन राज्यापासून कॅलिफोर्नियापर्यंतची माणसे एकाच बाकावर बसलेली असतात.

या भटक्यांत सगळीकडे भेटणारी वाघीण म्हणजे पेनसिल्व्हेनिया रेलरोडची एक्स-२९. पूर्ण पोलादी, चाळीस फुटी; १९२४ पासून पुढची दहा वर्षे ती बांधली जात होती आणि तिची संख्या जवळजवळ तीस हजारांवर गेली. टेक्ससमधल्या एखाद्या फाट्याचे मॉडेल करणाऱ्यालाही एक तरी एक्स-२९ ठेवावी लागते. ती ओळखायची पहिली खूण म्हणजे तिचा बुटकेपणा. तिच्या आतली उंची साडेआठ फुटांच्या थोडी वर आहे, तर १९३७ साली ठरलेल्या प्रमाण आराखड्यातली वाघीण आतून दहा फूट उंच आहे. या दोघी शेजारी जोडल्या की छपरांच्या ओळीत पायरी पडते, आणि ती पायरी दूरच्या, धूसर छायाचित्रातही दिसते. दुसरी खूण तिच्या टोकाला. सुरुवातीच्या एक्स-२९ ची दोन्ही टोके सपाट पत्र्याची आहेत, नुसत्या रिव्हेटांच्या ओळी; नंतरच्या वाघिणींना आडव्या फुगीर पन्हाळ्यांची टोके आली. दरवाजेही तसेच बदलले: आधी सपाट, मग पन्हाळीदार.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडते, कारण ती आराखड्यात नाही. या वाघिणीच्या बाजूच्या पत्र्याची खालची कड, जिथे आतल्या लाकडी अस्तरामागे ओल साठत असे, काही वर्षांत गंजून खाल्ली जाई. मग कारखान्यात तेवढी कड कापून तिथे नवी पट्टी रिव्हेटने बसवीत, जसे धोतराच्या विरलेल्या काठाला ठिगळ लावावे. छायाचित्रात बाजूच्या तळाशी रिव्हेटांची एक जास्तीची ओळ दिसली की समजावे, ही म्हातारी दुरुस्तीला जाऊन आलेली आहे.

वाघीण ओळखणे म्हणजे तिचे जन्मसाल सांगणे, असे आरंभी मला वाटे. या ठिगळांनी तो समज घालवला. एका वाघिणीला एक साल नसते. सांगाडा एका सालचा, टोके दुसऱ्या, ब्रेक तिसऱ्या आणि रंग चौथ्या. ओळखायचे असते ते या सगळ्या तारखा एकत्र नांदू शकतील असा काळाचा तुकडा.

ब्रेकचेच घ्या. जुनी 'के' पद्धतीची व्यवस्था फरशीखाली बहुधा एकाच लांबट नळकांड्याच्या रूपात दिसते. १९३३ पासून नव्या वाघिणींना 'एबी' पद्धत आली आणि तिचे तीन भाग, म्हणजे सिलिंडर, हवेची टाकी आणि झडप, वेगवेगळ्या जागी लटकलेले असतात. जुन्या वाघिणींचे ब्रेक बदलण्याचे काम रेंगाळत रेंगाळत १९५३ पर्यंत चालले. म्हणून माझ्या १९४७ मध्ये दोन्ही पद्धती चालतात. बोगीचे, म्हणजे वाघिणीखालच्या चाकांच्या चौकटीचे, तसे नाही. पट्ट्या बोल्टने जोडून केलेल्या जुन्या 'आर्च बार' बोग्यांना १९४० च्या आसपास परक्या कंपनीच्या रुळांवर बंदी झाली, तेव्हा माझ्या गाडीत तशी बोगी असलेली पाहुणी वाघीण दिसली तर ती चूकच. (ओतीव पोलादाच्या कोणत्याही बोगीला मॉडेल करणारे सरसकट 'बेटेनडॉर्फ' म्हणतात. तसे म्हणणे म्हणजे प्रत्येक वनस्पती तुपाला डालडा म्हणण्यासारखे आहे, पण त्या वादात मी आता पडत नाही.) छताचा तिरक्या पट्ट्यांचा नमुना १९४८ च्या सुमाराचा, म्हणजे माझ्या टेबलावर त्याला मज्जाव. टोकांच्या पत्र्यावर मोठ्या पन्हाळ्यांच्या मधोमध लाटण्यासारखे छोटे उंचवटे दिसले तर ती वाघीण युद्धाच्या शेवटाकडची किंवा त्यानंतरची, आणि तिला प्रवेश आहे. लाटण्याची ही उपमा माझी नव्हे, तिकडचे लोकही त्यांना 'रोलिंग पिन'च म्हणतात.

लाकूड म्हणजे जुने आणि पोलाद म्हणजे नवे, हा ठोकताळा मात्र डोक्यातून काढून टाकावा. दुसऱ्या महायुद्धात पोलादाची टंचाई झाली तेव्हा बाहेरून पोलादी चौकट आणि आतून लाकडी फळ्या अशा बंद वाघिणी पुन्हा बांधल्या गेल्या. त्यांतली १९४४ ची फळ्यांची वाघीण ही १९२४ च्या पोलादी एक्स-२९ पेक्षा वीस वर्षांनी लहान. उलटही घडले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने रेल्वे ताब्यात घेतली, १९१८ मध्ये प्रमाण आराखडे काढले आणि दोन प्रकारच्या बंद वाघिणी मिळून पन्नास हजारांच्या घरात बांधून कंपन्यांना वाटल्या. त्यांतल्या लाकडी अंगाच्या अनेक वाघिणींना पुढे कंपन्यांनी पोलादी अंग चढवले. वरवर पाहता ती नवी कोरी पोलादी वाघीण. पण नवे अंग जुन्या सांगाड्याहून रुंद झाले, आणि ते पेलायला खालच्या कडेला ओळीने छोटे कंस लावावे लागले. त्या कंसांवर बोट ठेवता आले की नव्या लुगड्यातली १९१८ ची बाई सापडते.

आता अक्षरे. दरवाजाच्या डाव्या अंगाला कंपनीची आद्याक्षरे व क्रमांक, आणि त्याखाली तीन ओळी असतात: क्षमता, भाराची मर्यादा आणि रिकामे वजन. माझ्या एका छायाचित्रात भाराची मर्यादा १,२३,३०० पौंड आणि रिकामे वजन ४५,७०० पौंड आहे. बेरीज करा: बरोबर १,६९,०००. हा योगायोग नाही. आसाची टोके किती जाड आहेत यावर रुळांवर येणारे एकूण वजन ठरलेले असे; पन्नास टनी वाघिणीला १,६९,०००, चाळीस टनीला १,३६,०००. छायाचित्रात एक आकडा पुसट असला तरी दुसऱ्यावरून तो काढता येतो, आणि बेरजेवरून गवतात लपलेली बोगी कोणत्या ताकदीची हेही समजते. रिकाम्या वजनाशेजारी लहान अक्षरांत वजन कोठे आणि कोणत्या महिन्यात केले ते लिहिलेले असते. लाकूड ओल धरते, सुटे भाग बदलतात, म्हणून ठरावीक मुदतीने पुन्हा वजन करणे सक्तीचे होते. मी महिना सांगतो तो यामुळे. ऑक्टोबर १९४७ च्या गाडीत नोव्हेंबरचे वजन झालेली वाघीण असू शकत नाही, आणि १९३९ मध्ये वजन करून तशीच राहिलेली वाघीणही सहसा असू नये. आपल्या वाघिणींवर पुढच्या दुरुस्तीची तारीख असते, तिच्यावर वडिलांची नजर जशी आधी जाई, तशी माझी इथे जाते.

पुरावा मिळतो दोन ठिकाणी. प्रत्येक कंपनीच्या वाघिणींचे क्रमांक, मापे आणि संख्या देणारे जाडजूड रजिस्टर तिकडे नियमित छापले जात असे. क्रमांक वाचता आला की त्यात वर्ग सापडतो. आणि छायाचित्रे. जॅक डेलानो या छायाचित्रकाराने १९४२-४३ साली सरकारी कामासाठी शिकागोची रेल्वे यार्डे रंगीत फिल्मवर टिपली. ती छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत आणि पुण्यात बसून वाटेल तेवढी मोठी करून पाहता येतात. प्रोव्हायसो यार्डाचे वरून घेतलेले दृश्य मी कितीदा पाहिले असेल, याची गणती नाही. 'बॉक्सकार रेड' नावाच्या एकाच बाटलीतून सगळी गाडी रंगवण्याची माझी खोड त्या चित्राने मोडली. त्यात विटकरी आहे, कॉफी आहे, जांभळट आहे, आणि सगळ्यांवर इंजिनाच्या धुराची काजळी आहे. भारतीय वाघिणी का करीत नाही, या तुमच्या उपप्रश्नाचे उत्तरही इथेच आहे: स्थानकात कॅमेरा काढायला आपल्याकडे परवानगी लागे, आणि वडिलांच्या यार्डातल्या वाघिणींचे माझ्यापाशी एकही छायाचित्र नाही.

चुका मी पुष्कळ केल्या. एका किटच्या खोक्यावर कंपनीचे नाव, क्रमांक, सगळे छापलेले होते, म्हणून मी विश्वासाने तीन आठवडे खपून ती वाघीण बांधली, रंगवली, वर मित्रांना दाखवली. मग त्याच क्रमांकमालिकेतल्या खऱ्या वाघिणीचे छायाचित्र हाती आले. तिची टोके सपाट होती. माझ्या वाघिणीला पन्हाळ्या. किट बनवणाऱ्याने एकाच साच्यातून निघालेल्या अंगावर दहा कंपन्यांची नावे छापली होती, आणि त्यांतल्या दोघींनाच ते अंग शोभत होते. तेव्हापासून मी आधी छायाचित्र शोधतो आणि मग किट.

बांधण्याविषयी थोडेच सांगतो, कारण ते हाताने कळते. चाळीस फुटी वाघीण १ : ८७ प्रमाणात सुमारे चौदा सेंटिमीटर भरते. खऱ्या वाघिणीला चढण्यासाठी धरायच्या सळया पाच अष्टमांश इंच जाडीच्या. प्रमाणात त्या ०.१८ मिलिमीटर होतात. मी वापरतो ती पितळी तार ०.३ ची आहे, म्हणजे तीही जाडच, पण त्याहून बारीक तार माझ्या बोटांना जुमानत नाही. प्लॅस्टिकच्या अंगावर ओतून आलेल्या सळया पात्याने तासून काढायच्या, भोके पाडायची, तार वाकवून बसवायची. एका वाघिणीला एक रविवार. रंग आणि काजळी चढल्यावर शेवटी मी एक चौकोन कोराच ठेवतो. पुन्हा वजन झाले की जुने आकडे रंगाने झाकून त्यावर नवे लिहीत, त्यामुळे मळक्या अंगावर तेवढाच तुकडा स्वच्छ दिसे. पाहुणे तो पाहून विचारतात, इथे रंग द्यायचा राहिला का?

सध्या टेबलावर युद्धकाळातली फळ्यांची एक वाघीण आहे. दोन्ही बाजू झाल्या, छत झाले, एक टोक झाले. हातब्रेकचे चाक असते ते दुसरे टोक मात्र माझ्याकडच्या एकाही छायाचित्रात आलेले नाही, आणि त्या चाकाचे नमुने निदान चार-पाच होते. त्यामुळे गेले चार महिने ती एका टोकाने उघडी, बिनरंगाची, खिडकीजवळ उभी आहे. पुढच्या वेळी आलात तर तिला हात लावू नका, एवढीच विनंती. सळया अजून नुसत्या टोचलेल्या आहेत.