बहादिर एफेंदीचं झाड

एकतीस वर्षं टीसी म्हणून गाड्यांत काढली. त्यामुळे नाटकाचा नायक निवृत्त तिकीट तपासनीस आहे हे कळल्यावर पुस्तक खाली ठेववेना. इजिप्तच्या तौफीक अल्-हकीम यांचं १९६२ चं ‘या तालिअ अश्-शजरा’. मी अर्थात इंग्रजीतून वाचलं. नाव तिकडच्या बडबडगीतातलं, आपल्या ‘अडगुलं मडगुलं’च्या जातीचं: झाडावर चढणाऱ्या, येताना गाय आण, दूध काढ आणि चिनी मातीच्या चमच्यानं मला पाज.

या नायकाच्या, बहादिर एफेंदीच्या (एफेंदी म्हणजे आपलं ‘साहेब’), बागेत संत्र्याचं झाड, बुंध्याशी बिळात एक हिरवी सरडी. तिला तो मानानं ‘शेखा खद्रा’ म्हणतो. बायको बोलते न जन्मलेल्या मुलीबद्दल, हा बोलतो झाडाबद्दल, आणि तरी दोघं एकमेकांना दुजोरा देत राहतात. (आमच्याकडे मी लिंबाबद्दल बोलतो, ही भाच्याच्या लग्नाबद्दल. चालतं.) मग एक दिवस बायको गायब, सरडीही गायब.

नोकरीत असताना गाडीत त्याला एक दरवेश, म्हणजे सूफी फकीर, भेटलेला असतो. तिकीट मागितलं तर जन्माचा दाखला पुढे करतो! मी असतो तर सरळ पावती फाडली असती. त्याचं भाकीत असं की झाडाखाली माणूस पुरला तर त्याच्या खतावर त्या एकाच झाडाला हिवाळ्यात संत्री, वसंतात जर्दाळू, उन्हाळ्यात अंजीर आणि शरदात डाळिंबं लागतील.

बहादिरला वृक्षप्रेमी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याला झाड कुठं हवंय, त्याला पीक हवंय. नाटक आलं तेव्हा आस्वानच्या मोठ्या धरणाचं काम सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. पुढे नाईलच्या पुराबरोबर दरसाल शेतात येणारा गाळ धरणामागेच अडकला आणि शेतकरी रासायनिक खताच्या पोत्यांवर आला. हकीमांच्या मनात धरण असेलच असं नाही, पण मला ते खताचं बोलणं आता तसंच ऐकू येतं.

तीन दिवसांनी बायको परतते. कुठं होतीस, याचं उत्तर देत नाही म्हणून तो तिचा गळा दाबतो. पुरायला जातो तर प्रेत नाहीसं झालेलं, खड्ड्यात मेलेली सरडी.

रात्री ही गोष्ट हिला सांगितली. मेथी निवडता निवडता म्हणाली, “अहो, आपल्या लिंबाला यंदा काय घालणार आहात?”