आठ अधिक आठ, आणि स्क्रीन काळी

नागपुरात, मानेवाड्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं काम चालतं. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, अधूनमधून एखाद्या सोसायटीचा अहवाल. एप्रिलमध्ये पत्रिकांची झुंबड उडते आणि नेमकं तेव्हाच मशीन, म्हणजे माझा कॉम्प्युटर, रडायला लागतं. आठ जीबी रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी. कोरल आणि फोटोशॉप सोबत उघडलं की पत्रिकेवरचा गणपती जागचा हलेपर्यंत मी गॅसवरचं दूध पाहून यायची. शेवटी सीताबर्डीहून आणखी आठ जीबीची स्टिक आणली. दोन्ही डीडीआर४, म्हणजे एकाच जातीच्या, पण वेग वेगळा: जुनी २४०० ची, नवी ३२०० ची. दुकानदार म्हणाला, "चालून जाईल ताई, फक्त दोन्ही २४०० नेच पळतील." ते बरोबरच होतं, हळूवाल्याच्या वेगानेच जोडी चालते.

वायर काढली, स्टिक लावली, बटण दाबलं. पंखे फिरले, कीबोर्डचा दिवा लागला आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल'. बीपसुद्धा नाही. आमच्या मदरबोर्डाला, म्हणजे आतल्या मुख्य पाटीला, बीपचा तो चिमुकला स्पीकर जोडलेलाच नाही, हे ज्ञान त्या दिवशी झालं. वीस सेकंद थांबून बंद केलं, पुन्हा चालू, पुन्हा बंद. मग सगळे करतात तेच केलं: रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवला. फरक शून्य. दुकानदाराच्या नावाने मनात काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बिल शोधायलाही घेतलं होतं.

तेवढ्यात भाच्याचा फोन. तो म्हणाला, "मावशी, दोन्ही एकदम लावून कायले पाहून राहिली? एक एक लावून पाह ना."

आमच्या बोर्डावर रॅम बसवायच्या खाचा, म्हणजे स्लॉट, दोनच. जुनी पहिल्यात लावली, चालू. नवी पहिल्यात, तीही चालू. म्हणजे नवी धडधाकट. मग जुनी, सहा वर्षं बिनतक्रार चाललेली, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली आणि अंधार. नवी दुसऱ्यात, अंधारच. दुकानदाराला दिलेलं सगळं मुकाट्याने परत घेतलं.

मोबाईलचा टॉर्च लावून त्या स्लॉटमध्ये डोकावले. आत पिनांच्या रांगेवर पांढुरकी भुकटी, तिच्यात धूळ थापून बसलेली. अगदी तशीच भुकटी आमच्या कूलरच्या जाळीवर असते. बोअरचं पाणी, त्यातले क्षार. आणि मशीन तापतं म्हणून कॅबिनेटचं झाकण काढून, कूलर थेट त्यावर सोडायची अक्कल माझीच! पहिल्या स्लॉटमध्ये रॅम बसलेली होती म्हणून तो वाचला. रिकामा होता त्याने सहा उन्हाळे खाल्ले.

मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, मुलीच्या रंगपेटीतला कोरा ब्रश घेतला आणि स्लॉट हलक्या हाताने साफ केला. तो पूर्ण वाळेपर्यंत वायर काढलेलीच, आणि बोर्डावरची ती नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरीही काढून ठेवली, म्हणजे बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या) जुन्या सेटिंग पुसल्या जातात. मग स्टिक दोन्ही टोकांना दाबली. 'टक्' आवाज येईपर्यंत दाबावं लागतं, आणि बोर्ड मोडतो की काय असं वाटेल इतका जोर लागतो.

चालू केलं. पुन्हा काळं. हात बटणाकडे गेला तर फोनवरून भाचा ओरडला, "हात नको लावू! नवीन रॅम असली की बोर्ड आधी तिच्याशी जुळवून घेते, वेळ लागते." मशीन एकदा आपणच बंद होऊन चालू झालं, आणि मिनिटभराने लोगो आला. सोळा जीबी!

पण ब्राउझर एकही साइट उघडेना, सगळीकडे सुरक्षेचा इशारा. बॅटरी काढल्यामुळे तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. ती दुरुस्त केली तसं सुरू झालं. रात्री पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, लावून झोपले, सकाळी एकही एरर नाही.

कूलर त्या खिडकीतून हलणार नाही, हे आमच्या 'ह्यांनी' आधीच जाहीर केलं होतं. म्हणून टेबल हललं, झाकण परत बसलं. प्रिंटरची वायर आता दीड फूट कमी पडते.