पालकांची सही आणा, मगच समुपदेशन

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला पुण्यात हॉस्टेलवर असताना माझी झोप पार बिघडली. रात्री दोन-अडीचपर्यंत रील्स, सकाळच्या प्रॅक्टिकलला चुरचुरणारे डोळे आणि दिवसा कारण नसताना छातीत धडधड. मदत घ्यायची हे मी ठरवलं होतं. ती मागायला गेले तिथे जे झालं, त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमच्या कॉलेजात समुपदेशन कक्ष आहे. माहितीपत्रकात त्याचा फोटोही आहे. पण मॅडमना भेटायचं तर आधी ऑफिसात अर्ज द्यायचा, आणि अर्जावर सह्या तीन: मेंटॉर, एचओडी म्हणजे विभागप्रमुख, आणि पालक. वर ‘समस्येचे स्वरूप’ असा रकाना. मी ‘झोप लागत नाही’ एवढंच लिहिलं. खिडकीतल्या काकांनी ते मोठ्यानं वाचलं. मागे फी भरणाऱ्यांची रांग होती. “मोबाईल कमी कर ना बाळ, झोप येईल,” म्हणाले. सगळ्यांसमोर.

एचओडी सर कधी मीटिंगला, कधी नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, कामात, कधी रजेवर. अखेर त्यांची सही झाली, तर पालकांच्या सहीवर अडलं. आईबाबा अंबाजोगाईला. बाबांना कळलं असतं तर ते त्याच रात्री एसटीत बसले असते आणि मला घरी घेऊन गेले असते. मी म्हटलं, “काका, मी वीस वर्षांची आहे, मतदान केलंय मी.” “नियम आहे.” कुठला, ते दाखवा म्हटलं तर जेवणाची सुट्टी झाली.

असा कायदा नाही. अठरा पूर्ण झालेल्या माणसाला स्वतःच्या उपचारासाठी आईवडिलांची संमती लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. समुपदेशक नेमायचा आणि त्याच्या दाराशी तीन सह्यांचा पहारा बसवायचा, मग मुलं जातील कशी? माझ्या मजल्यावरच्या दोघी अर्ज बघूनच परत फिरल्या.

शेवटी एका रात्री १४४१६ लावला, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. त्या ताईंनी घाई न करता ऐकलं आणि सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जायला सांगितलं. तिथे केस पेपर काढला, नंबर आला, सही कुणी मागितली नाही.

त्यांनी पिट्सबर्गची झोपेची प्रश्नावली भरून घेतली. २१ पैकी गुण असतात आणि ५ च्या वर गेले की झोप खराब. माझे १३ आले. मग फोनबद्दल रागावण्याऐवजी डॉक्टरांनी विचारलं, फोन हातात घेतेस तेव्हा डोक्यात काय चालू असतं? एम-थ्रीची, म्हणजे तिसऱ्या सेमिस्टरच्या गणिताची केटी, नापास होऊन राहिलेला विषय. पुस्तक उघडलं की पोटात गोळा यायचा, रील लावली की जायचा. हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं आणि तिथेच रडले. फार हलकं वाटलं.

उपयोगी पडलेलं सांगते. उठायची वेळ रोज एकच, रविवारीसुद्धा; झोपायच्या वेळेपेक्षा ही सांभाळणं महत्त्वाचं. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर गादीवरून उठायचं, खुर्चीत काहीतरी कंटाळवाणं वाचायचं, डोळे मिटायला लागले की परत. साधं गजराचं घड्याळ घ्या, नाहीतर ‘अलार्मसाठी’ म्हणून फोन उशाशी येतोच. माझा रात्री रूममेटच्या कपाटात असतो. दुपारची झोप बंद. ओपीडीला जाण्याआधी आठवडाभर झोपेची वेळ वहीत लिहून न्या, बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. आणि हो, कॉलेजात कुठलाही अर्ज देताना झेरॉक्स ठेवा.

मला आता बहुतेक रात्री बाराच्या आत झोप लागते. एम-थ्री सुटला. अर्जावरची पालकांच्या सहीची ओळ काढा, असं प्राचार्यांना लेखी दिलंय आणि आवक क्रमांक घेतलाय. त्या खिडकीवरून परत आलेल्या प्रत्येकानं असा एक कागद द्यावा. मसुदा हवा असेल तर माझा घ्या.