एका पायावरची बाई

काल दुपारी कपाट आवरायला काढलं आणि अर्थातच आवरलं नाही, कारण तळाशी जुना स्टॅम्प अल्बम सापडला. उघडलं तेही नेमकं ते पान, ज्यावर मी शाईपेनाने मोठ्या झोकात ‘कला’ असं लिहून ठेवलंय. खाली बॅले, ऑर्केस्ट्रा, नाटक सगळं एका रांगेत, आणि मधेच एक मासा. तो तिथे कसा आला देव जाणे.

बॅले म्हणजे काय हे तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. पांढऱ्या झग्यातली एक बाई एका पायावर उभी राहते, बास. रशियाच्या तिकिटांवर तर या बायकांचा नुसता सुळसुळाट, आणि वरची अक्षरं आम्ही बिनधास्त ‘नोयटा सीसीसीपी’ अशी वाचायचो. ते ‘पोच्ता’ आहे, म्हणजे आपलं पोस्टच, हे कळायला कॉलेज उजाडलं.

तिकीट सोडवायचे दादाचे नियम कडक. वाटीत कोमट पाणी, त्यात पाकिटाचा तुकडा सोडायचा, तिकीट आपणहून सुटेपर्यंत हात लावायचा नाही, मग चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर पालथं घालायचं. एकदा मला काही धीर धरवला नाही, नखाने ओढलं. बाई वर आली, पाय पाकिटालाच चिकटून राहिला. आणि तोच पाय, ज्यावर ती उभी होती! दादा दोन दिवस बोलला नाही.

बाकीच्या बायका मात्र धडधाकट आहेत कारण त्या विकतच्या पुडीतल्या. कोपऱ्यात अगदी मापात शिक्का, मागे डिंक शाबूत, म्हणजे अख्ख्या शीटवर आधीच शिक्के मारून संग्रह करणाऱ्यांसाठीच विकलेली तिकिटं, पत्राचं तोंडही न बघितलेली. मला ती आवडत नाहीत. शिक्का कसा नाकातोंडावर फासलेला पाहिजे, मग भले तो शेक्सपिअर का असेना. (१९६४ साली राजघराण्याबाहेरचा पहिलाच माणूस म्हणून तो ब्रिटनच्या तिकिटावर आला, नाटकवाल्याने बरोब्बर राणीच्या शेजारची जागा पटकावली.)

संगीतवाल्या तिकिटांची वेगळीच गंमत. १९५६ मध्ये पूर्व जर्मनीने संगीतकार शुमानच्या शंभराव्या पुण्यतिथीला तिकीट काढलं आणि त्याच्या चेहऱ्यामागे सुरावट छापली ती दुसऱ्याच संगीतकाराची, शूबर्टची! नंतर दुरुस्त करून परत काढलं. आता तिकिटावरचे एवढेसे स्वर कोण वाचत बसतं असं आपल्याला वाटतं, पण कुणीतरी वाचलेच ना. भूतानने तर १९७२ मध्ये रेकॉर्डप्लेअरवर वाजणारी तिकिटंच काढली, ती काही माझ्याकडे नाहीत.

खरा बॅले मी बघितला खूप उशिरा, तोही मोबाईलवर. हेडफोन लावलेले, आणि व्हायोलिनं जरा दबली की पायांची धपधप ऐकू यायची. बुटांची टोकं थरावर थर देऊन, गोंदाने कडक केलेली असतात म्हणे, आवाज होणारच. पण मला उगाच फसवल्यासारखं वाटलं, कारण माझी बाई इतकी वर्षं हूं की चूं न करता उभी होती.

म्हणजे, तशी उभी नाहीच. घोट्याखाली फाटकी, दोन माशांच्या... नाही, एकच मासा, त्याच्या शेजारी.

दादाला तिचा फोटो पाठवला. तासाभराने उत्तर आलं, ‘आता तरी नखं कापतेस का?’