परत तोच बँड?

परवा ऑफिसातल्या मैत्रिणीने माझा रजेचा अर्ज पाहिला आणि म्हणाली, "परत आयर्न मेडनच? अगं, अकरा वेळा झालं ना बघून?" घरचे विचारतात, शेजारचे विचारतात, नातलगांत कुठे गाठ पडली की तिथेही हा विषय निघतोच. शब्द वेगवेगळे असले तरी रोख एकच असतो. माणसं तीच, गाणी तीच, फोनवर तर याहून स्वच्छ ऐकू येतं. मग एवढा प्रवास, एवढा खर्च आणि तासन् तास उभं राहणं कशासाठी? आजवर "आवडतं म्हणून" एवढं सांगून मी विषय संपवत आले. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही. तुम्ही सगळ्यांनी इतक्यांदा विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

ज्यांना हा हेवी मेटल रॉक बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीव्ह हॅरिस या बास गिटार वाजवणाऱ्या तरुणाने 1975 साली पूर्व लंडनमध्ये तो उभा केला, आणि आजही बँडचा कणा तोच आहे. ब्रूस डिकिन्सन गातो. 1999 पासून दोनाऐवजी तीन गिटार आहेत. एडी नावाचा एक अक्राळविक्राळ सांगाडा त्यांच्या प्रत्येक अल्बमच्या मुखपृष्ठावर असतो आणि कार्यक्रमात स्टेजवरही चालत येतो. मी त्यांना पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं 2008 मध्ये. तोपर्यंत बारा-तेरा वर्षं फक्त कॅसेट आणि सीडी.

आता "गाणी तीच" या मुद्द्याकडे येते, कारण तो अर्धाच खरा आहे. काही गाणी जवळजवळ दर वेळी असतात हे कबूल. पण 1986 च्या त्यांच्या अल्बममधलं शेवटचं गाणं घ्या. सिकंदरावरचं, साडेआठ मिनिटांचं, मध्ये गिटारचे लांबलचक तुकडे असलेलं. ते त्यांनी स्टेजवर कधीच वाजवलं नव्हतं. दर टूर जाहीर झाली की जुने फॅन विचारायचे, या वेळी तरी? आणि दर वेळी नाही. शेवटी 28 मे 2023 ला स्लोव्हेनियात, ल्युब्लियानाला, टूरच्या पहिल्याच रात्री त्यांनी ते वाजवलं. सदतीस वर्षांनी. सेटलिस्ट, म्हणजे त्या रात्रीच्या गाण्यांची यादी, लगेच सगळीकडे पसरली. मी मात्र ठरवून काही वाचलं नाही, मैत्रिणींनाही बजावून ठेवलं होतं. काही आठवड्यांनी मी त्याच टूरच्या कार्यक्रमाला उभी होते आणि वाऱ्याच्या आवाजाने त्या गाण्याची सुरुवात झाली. माझ्या डाव्या हाताला एक साठीचा गृहस्थ होता, पांढरी दाढी, विटलेला टी-शर्ट. पहिल्या सुरांना त्याने दोन्ही हात तोंडावर धरले आणि संपूर्ण गाणं संपेपर्यंत ते काढले नाहीत. तो गायला नाही, ओरडला नाही, फोनही काढला नाही. त्याने किती वर्षं वाट पाहिली असेल ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

फोनवर याहून चांगलं ऐकू येतं, हेही बरोबर आहे. मी तर पुढे जाऊन सांगेन की कार्यक्रमात मी जिथे उभी राहते तिथे आवाज सगळ्यांत वाईट असतो. चांगला आवाज हवा असेल तर मैदानाच्या मधोमध साउंड इंजिनियर जिथे बसतो त्याच्या आसपास उभं राहावं, कारण तो स्वतःच्या कानांना जे ऐकू येतं त्यावरूनच सगळं जुळवत असतो. मी उभी राहते अगदी पुढे, बॅरियरला छाती टेकवून. तिथे बासचा दणका पोटात बसतो, मुख्य स्पीकरचा आवाज डोक्यावरून पलीकडे जातो आणि गाणाऱ्याचा आवाज स्टेजच्या कडेला ठेवलेल्या छोट्या स्पीकरमधून येतो. (कानात प्लग घालून जा, ही माझी कळकळीची विनंती आहे. 85 डेसिबलला रोज आठ तास ही कानांसाठी सुरक्षित मर्यादा मानतात, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. कार्यक्रम दोन तासांचा असतो.)

मग तिथेच का? कारण तिथून हात दिसतात. हॅरिस पिक (तार छेडायची छोटी चकती) वापरत नाही, बोटांनी वाजवतो. मॉनिटरवर, म्हणजे वादकांसाठी स्टेजवर ठेवलेल्या स्पीकरवर, पाय ठेवून बास समोर रोखतो तेव्हा उजव्या हाताची बोटं घोड्याच्या टापांसारखी पडताना दिसतात, आणि माइक समोर नसतानाही तो गाण्याचा शब्दन् शब्द ओठांनी म्हणत असतो. सीडीवर हे नाही. ज्या माणसाने ही गाणी लिहिली तो ती आपल्यासारखीच म्हणतोय, हे मी पहिल्यांदा पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

बॅरियरवर पोचणं सोपं नसतं. फॅन क्लबच्या सभासदांची सोडत निघते. नाव लागलं तर इतरांच्या आधी आत सोडतात. माझं दोनदा लागलं. एरवी सकाळपासून रांग. त्या रांगेबद्दल कधीतरी वेगळं लिहायला हवं, कारण माझ्या काही घट्ट मैत्र्या तिथेच जमल्या आहेत: एकमेकींची जागा राखणं, पाणी आणणं, कुणाला चक्कर आली तर सावलीत नेणं.

पण खरी गोष्ट सुरू होते संध्याकाळी. आधीचा बँड वाजवून गेलेला असतो. काळे कपडे घातलेली माणसं स्टेजवर येऊन एकेक ड्रम ठोकून बघतात, गिटारच्या तारा जुळवतात, जमिनीवर सेटलिस्टचे कागद चिकटपट्टीने लावतात. स्पीकरवर कुणाकुणाची गाणी चालू असतात, त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. आणि मग यूएफओ या बँडचं 1974 सालचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं. मेडनच्या कार्यक्रमाआधी हे गाणं लागतं, ही वर्षानुवर्षांची रीत आहे. ते लागलं की समजायचं, यानंतर दिवे जाणार. पहिले सूर आले की हजारो माणसं एकदम वळतात. जमिनीवर बसलेली उठतात, पाठमोरी गप्पा मारणारी स्टेजकडे तोंड करतात आणि दुसऱ्याच बँडचं गाणं सगळे मिळून गातात. त्या चार मिनिटांसाठी मी वर्षभर थांबते, असं म्हटलं तरी चालेल. अजून काहीच झालेलं नसतं आणि सगळं व्हायचं असतं.

सगळ्यांनी मिळून गाण्याची गोष्ट निघाली आहे तर 'फिअर ऑफ द डार्क'बद्दल सांगायलाच हवं. 1992 चं गाणं. त्याची स्टुडिओतली ध्वनिमुद्रिका मी आता क्वचित ऐकते, कारण त्यात आम्ही नाही. सुरुवातीला गिटारवर जी संथ धून आहे तिला शब्दच नाहीत, आणि लोक तीच गातात. शब्द नसल्यामुळे कुणाची भाषा आड येत नाही. 2001 च्या जानेवारीत रिओला झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, ते जरूर ऐका. गर्दीचा आवाज गिटारच्या वर चढलेला स्पष्ट कळतो. बॅरियरवर मात्र आणखी एक गोष्ट घडते जी कुठल्याच ध्वनिमुद्रणात येत नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शंभर मीटर मागे उभ्या असलेल्या माणसापर्यंत धून पोचायला पाव सेकंदाहून जास्त लागतो, आणि त्याचं गाणं माझ्यापर्यंत यायला पुन्हा तेवढाच. त्यामुळे शेजारच्यांचा आवाज आधी येतो, मग पाठीमागच्यांचा, मग अगदी शेवटच्यांचा, आणि धून लाटेसारखी पाठीवर येऊन फुटते. समोर बँड आणि मागून ही लाट. फोनवर यातलं काय ऐकू येणार?

फोनवरून आठवलं. 2025 च्या टूरआधी बँडने फॅन्सना विनंती केली की फोन खाली ठेवा, डोळ्यांनी बघा. मला ती मनापासून पटली. उंची बेताची असल्याने पुढच्याचा वर धरलेला फोन मला स्टेजइतकाच मोठा दिसतो.

आता मूळ उत्तराकडे येते. यासाठी मला 2023 च्या त्याच कार्यक्रमाबद्दल पुन्हा सांगावं लागेल.

निको मॅकब्रेन 1982 च्या अखेरीस बँडमध्ये आला. त्याचा ड्रमसेट एवढा अवाढव्य की मागे माणूस आहे हे अधूनमधूनच दिसतं. तो अनवाणी वाजवतो. या प्रकारच्या संगीतात बहुतेक ड्रमर मोठ्या ड्रमसाठी दोन पायांनी दोन पेडल हाणतात. निकोने ते कायम टाळलं. बँडच्या इतक्या वर्षांच्या कामात एकाच गाण्यात त्याने दुहेरी पेडल वापरलं, बाकी सगळं एका उजव्या पायाने. ऐकणाऱ्याला वाटावं दोन पाय आहेत, इतक्या वेगाने. माझ्यासारखे लोक तो पाय दिसावा म्हणून स्क्रीनवर नजर लावून बसायचे.

त्या रात्री मला काहीतरी वेगळं जाणवलं. 'द ट्रूपर' या गाण्यात ओळी संपताना त्याचा हात ज्या वेगाने सगळ्या ड्रमवरून फिरतो, तिथे तो थोडक्यात आटोपत होता. सुटसुटीत ठोके, आणि पुढे. परतीच्या वाटेवर मी मैत्रिणीला म्हटलं, निको आज दमलेला वाटला. माझा सूर तक्रारीचा होता. एवढ्या लांबून आलो आणि तो हात राखून वाजवतोय, असा. ती काही बोलली नाही.

ऑगस्टमध्ये निकोने स्वतः जाहीर केलं. जानेवारीत त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू खांद्यापासून खाली लुळी पडली होती. टूर मे महिन्यात सुरू व्हायची होती. तो सत्तर वर्षांचा होता. चार महिने उपचार, व्यायाम आणि सराव करून तो ड्रममागे जाऊन बसला, बाहेर कुणालाही न सांगता, आणि रोज रात्री दोन तास वाजवलं. काही वेगवान जागा आता पूर्वीसारख्या जमत नाहीत, हे त्याने लपवलं नाही.

मी ते वाचलं तेव्हा आधी स्वतःची लाज वाटली. मग बराच वेळ नुसती बसून राहिले. ज्या जागा मला "आटोपलेल्या" वाटल्या होत्या त्या मी डोक्यात पुन्हा पुन्हा ऐकल्या. सीडीवरची 'ट्रूपर' 1983 सालची आहे आणि ती कायम तशीच राहील. त्यातल्या निकोचा उजवा हात कधी म्हातारा होणार नाही. पण मी ऐकलेली 'ट्रूपर' वाजवायला एका माणसाला आपला हात नव्याने कामाला लावावा लागला होता. ते गाणं पुन्हा तसं वाजणार नाही, आणि ते वाजलं तेव्हा मी तिथे होते.

म्हणून जाते मी. गाणी तीच आहेत, माणसं तीच नाहीत. 2014 च्या अखेरीस डिकिन्सनच्या जिभेच्या मुळाशी कर्करोग निघाला. उपचार झाले आणि 2016 मध्ये तो टूरवर होता, इतकंच नाही तर बँडचं बोइंग 747 विमानही स्वतः चालवत होता. त्यानंतर मी त्याला पाहिलं तेव्हा प्रत्येक वरच्या सुराला माझा श्वास अडकत होता. सूर लागला की सुटत होता. आजूबाजूच्या सगळ्यांचंच तसं होत असावं, कारण त्या जागांना टाळ्या नव्हत्या, एक मोठा निःश्वास होता. ही माणसं सत्तरीच्या आसपास आहेत. मी विशीत त्यांना ऐकायला लागले, आता माझ्याही गुडघ्यांना दिवसभराची रांग जाणवते. जोवर ते वाजवू शकतात आणि मी उभी राहू शकते तोवर मला ते आज कसं वाजवतात हे ऐकायचं आहे.

7 डिसेंबर 2024 ला ब्राझीलमध्ये, साओ पावलोला, निकोने बँडबरोबरच्या टूरमधला शेवटचा कार्यक्रम वाजवला. निवृत्ती त्याच दिवशी जाहीर झाली. मी तिथे नव्हते. त्याच्या जागी आता सायमन डॉसन वाजवतो, हॅरिसच्या दुसऱ्या बँडमधला. तो चांगला वाजवतो, आणि मी त्यालाही ऐकायला जाणार आहे. रजेचा तो अर्ज त्यासाठीच होता.

2023 च्या त्या रात्री सगळं संपल्यावर दिवे लागले आणि स्पीकरवर मॉन्टी पायथनचं ते शीळ घालायचं आनंदी गाणं सुरू झालं. त्यांच्या कार्यक्रमानंतर तेच लागतं. लोक गात गात वळायला लागले. बाकीचे स्टेजवरून गेले होते. निको एकटाच मागे राहिला, तो नेहमीच राहायचा. पुढे कडेपर्यंत आला, हसत होता, गर्दीत स्टिक्स फेकत होता. एक माझ्या डोक्यावरून मागे गेली. तो त्या कुठल्या हाताने फेकत होता, ते मी तेव्हापासून आठवायचा प्रयत्न करते आहे.