रँक किती?

वहिनींनी अगदी सहज विचारलं, मिहीरच्या ॲडमिशनपुरतं. तरी कालपासून मनातून जात नाही. "तुमच्या कॉलेजचा रँक किती?"

एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-विद्यापीठ क्रमवारीची, यादी 2016 पासून निघते. विद्यापीठांच्या गटात 100 पैकी 30 गुण संशोधनाचे, 10 नुसत्या नावलौकिकाचे. शोधनिबंध मोजता येतात. एफवायच्या पोराच्या हातात ब्युरेट, थेंब मोजून सोडायची ती नळाची काचनळी, कोण देतं, हे कुठल्या रकान्यात भरायचं? शिकवण्यात आयुष्य घातलं, त्या कामाला रकानाच नाही, याचं रात्रभर वाईट वाटत राहिलं. बाकीचं काय वाटलं ते जाऊ दे.

मिहीरला खरं तर सांगायला हवं होतं की एसवायच्या चार मुलांची जर्नलं मागून बघ. टायट्रेशनचं पान काढ, रंग बदलेपर्यंत किती द्राव लागला ते मोजायचा प्रयोग. चौघांची तिन्ही रीडिंग्ज 10.2 असतील तर एकानं ब्युरेट धरली आणि तिघांनी उतरवून घेतलं. स्वतः करणाऱ्याचं पहिलं रीडिंग हमखास पुढे जातं. फिकट गुलाबी रंग टिकला त्याच थेंबाला नळ बंद करायला बोटांना वेळ लागतो. खाडाखोड दिसली, शेजारी सरांचा लाल शेरा दिसला, तर तिथे शिकवतात. मग विचार, बॅच वीसची की चाळीसची? मंजूर पदांपैकी किती भरलेली, किती सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर? तासावर पैसे मिळणारा माणूस दुसरीकडे कायम नोकरी लागली की वर्षाच्या मध्यातच जातो, त्याचा तरी काय दोष. मायक्रोस्कोप टेबलावर असतात की कपाटात? फुटलं तर डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे सामानाच्या नोंदवहीला, उत्तर कोण देणार, या धास्तीनं कपाटं बंद राहतात. लहान कॉलेजांचं हे जुनं दुखणं आहे.

पण खडपं, समुद्रकाठचे खडक, आपल्या कॉलेजच्या दाराशी आहेत. अमावास्या-पौर्णिमेला आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ऐन कॉलेजच्या वेळात. खडप उघडं पडतं ते सकाळी सहाच्या सुमारास. तेव्हा अर्ध्या मीटरची चौकट टाकून, वरून खाली सरकत, कालवं कुठवर आणि बार्नॅकल, खडकाला चिकटलेले ते कवचवाले जीव, कुठवर ते मुलांकडून मोजून घ्यायचं असेल तर शिक्षकाला अंधारात घर सोडावं लागतं. टाइमटेबलमध्ये हे नसतं. असे शिक्षक आहेत का, एवढंच विचार.

मिहीरपुढे दुसरा पर्याय पुण्याचं आयसर, केंद्राची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, 2006 ची. तिथे शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या टेबलावर न सुटलेला प्रश्न असतो, आणि पोराला तो रोज दिसतो. हे मोठं आहे, आमच्याकडे नाही, आणि नाही म्हणायला आता तितकं जडही जात नाही. फक्त तिथेही विचारायचं, की पहिल्या वर्षाचं ट्युटोरियल कोण घेतं, आणि वही तपासून परत येते का?

वहिनींचं चुकलं नाही. त्यांच्या हातात एकच आकडा होता, दुसरं काय विचारायचं ते आम्हीच कधी सांगितलं नाही. संध्याकाळी फोन करते. आमच्याकडे आणि आयसरला, दोन्हीकडे जाऊन ये म्हणावं मिहीरला, पण प्रॅक्टिकलच्या दिवशी जा, आणि ऑफिसात न बसता थेट लॅबमध्ये जा.